सोमवारची सायकल

गेल्या अंकात एक वाक्य लिहून गेले आणि त्याची शिक्षा म्हणून आता टेबलावर पत्रांचा ढीग आहे. वाक्य असं होतं: ‘कोल्हापुरात रविवारची सायकल वाढली, सोमवारची आटली.’ रविवारी पहाटे पन्हाळ्याला, जोतिबाला जाणारी पोरं, पोरी, साठीचे काकासुद्धा हेल्मेट घालून ओळीनं जातात, येताना मिसळ हाणून येतात. झकास! पण सोमवारी तीच सायकल जिन्याखाली आणि मालक मोटरसायकलवर. काहीजण रागावलेत. बाकीच्यांनी विचारलंय, ‘आक्का, कामाला सायकल न्यायची कशी ते तरी सांगा.’ रागावलेल्यांना पुढच्या खेपेला बघू.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. मंगळवार पेठेत वडिलांचं तासावर सायकली द्यायचं दुकान होतं. भातुकलीच्या वयात मी बशीत बेअरिंगचे छर्रे मोजायचे. १९८८ ते २०२१ शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिनशॉपचं स्टोअर सांभाळलं आणि त्यातली बहुतेक वर्षं जाऊन-येऊन अठरा-एक किलोमीटर सायकलवर केली. (आम्ही कोल्हापूरच्या बायका खरं तर ‘मी गेलो, मी आलो’च म्हणतो. संपादक छापताना ते ‘गेले, आले’ करतात. करू देत.)

प्रश्न : आक्का, मी फुलेवाडीत राहतो, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. हौसेनं गिअरची सायकल घेतली आणि चार दिवस गेलो. शर्ट पिळायची वेळ आली, तावडे हॉटेलच्या पुढं ट्रकची भीती वाटली आणि गेटवरचे ‘पेट्रोल परवडंना काय रे?’ म्हणून हसले. पाचव्या दिवशी गाडी काढली. माझं काय चुकलं?

बाळा, किती वेळात पोचलास ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगते. मोटरसायकलवर जायचास त्याच्यापेक्षा फार तर दहा मिनिटं आधी निघाला असशील आणि मग रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत जीव खाऊन पायडल मारलं असशील. बारा-एक किलोमीटर आहे ते. त्याला पाऊण तास नाही, पंचावन्न मिनिटं द्यायची. वाऱ्याचा हिशेब सावकाराच्या व्याजासारखा आहे. वेग दुप्पट केलास की वारा दुप्पट नाही, चौपट अडवतो. ताशी तेरा-चौदानं गेलास तर घाम कपाळावर येतो आणि वाळतो. पंचविसानं गेलास तर तो पाठीवरनं पँटीत उतरतो. शेवटचा किलोमीटर तर मुद्दाम रमतगमत जायचा, शिफ्टला नाही, गुऱ्हाळावर निघाल्यासारखं. अंग गेटच्या बाहेर निवलं पाहिजे, मशीनपुढं नव्हे.

दुसरं, गिअर. तुमच्या वयाची पोरं पुढची मोठी चक्री सोडतच नाहीत. तिच्यावर मांड्या भरून येतात आणि गुडघे बोलायला लागतात. पाय हलका आणि भराभर फिरला पाहिजे, मिनिटाला साठ-सत्तर फेरे. जड लागलं की लगेच खालचा गिअर टाक, चढ सुरू व्हायच्या आधी टाक. चढावर जोर लावून गिअर बदललास की चेन कडकन ओरडते ती त्याचसाठी. माझ्या सायकलला गिअर नव्हता. पुढं ४४ दाती, मागं १८ दाती, अठ्ठावीस इंची चाक. एका फेऱ्याला साडेपाच मीटरच्या जवळपास पुढं जायची. समोरचा वारा आणि चढ एकदम आला तर उतरायचे आणि चालायचे. तेहतीस वर्षांत त्याबद्दल मला कुणी हटकलं नाही.

कंपनीचा शर्ट घालून सायकल चालवायचीच नाही. आठवड्यातनं एक दिवस गाडीवर जा, सगळे शर्ट लॉकरला टाकून ये. त्यात कसला आलाय कमीपणा! जाताना जुना सुती सदरा, पोचल्यावर नळावर तोंड-मान-हात, पंच्यानं पुसून पाच मिनिटं बसायचं, मग शर्ट. पाठीला सॅक लावू नकोस, घामाचं निम्मं दुकान ती मांडते. मागं कॅरिअर बसवून घे. गिअरच्या सायकलीलाही बसतं, दुकानदार ‘शोभत नाही’ म्हणेल, तू बसव म्हण. आणि डबा कॅरिअरवर आडवा बांधू नकोस. मी एकदा पांढरा रस्सा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं करकचून बांधला होता. तो शिरोलीपर्यंत कसाबसा टिकला आणि माल आल्याच्या नोंदवहीवर सांडला. ऑडिटरला त्या पानांचा वास येत होता म्हणे.

आता ट्रक. कावळा नाक्यापर्यंत गर्दी आहे, पण ती शहरातली आहे, तिचा वेगच कमी. खरी भीती तावडे हॉटेल ते सांगली फाटा, त्यातही पंचगंगेचा पूल. तिथं तीन गोष्टी पाळ. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नकोस. कडेला खडी असते, तुटलेला डांबराचा काठ असतो, चाक घसरलं तर पडशील ते ट्रककडेच. काठापासून हातभर आत, एका रेषेत जायचं, नागमोडी नाही. पूल सुरू व्हायच्या आधी मान वळवून मागं बघ, पुलावर नको. आणि चौकात उभ्या असलेल्या ट्रकच्या डाव्या कुशीत कधी, म्हणजे कधीच, घुसायचं नाही. तो डावीकडं वळला तर त्याला तू दिसत नाहीस. तावडे हॉटेलचा चौक मी कायम उतरून, सायकल हातात धरून ओलांडला. चार मिनिटं जास्त लागतात.

हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागं दिवा असला तर नशीब, आणि ऊस दोन्हीकडं लोंबत असतो. एक ट्रॉली पुढं गेली म्हणून आत येऊ नकोस, दुसरी अजून यायची असते. पोरं ट्रॉलीला धरून फुकट ओढत जातात. तू जातोस की नाही मला माहीत नाही, पण जात असलास तर हे पत्र इथंच फाडून टाक, पुढचं वाचू नकोस.

राहिले गेटवरचे. १९८८ साली आमच्या कंपनीत सायकल स्टँडला जागा मिळायची नाही, उशिरा येणारा कुंपणाला टेकवायचा. मी सुटले तेव्हा त्या स्टँडच्या जागी चारचाकी लागत होत्या आणि माझी एकटीची सायकल कँटीनच्या भिंतीला. मला हसणारा एक सुपरवायझर होता. रोज हसायचा. एके दिवशी त्याची गाडी पंक्चर झाली आणि पुलापर्यंत जायला त्यानं माझी सायकल मागितली. मी दिली. दुसऱ्या दिवशी आला तो ‘सीट जरा वर घ्या, गुडघे दुखले’ म्हणत. तुझ्या गेटवरचेही पंक्चर होतीलच की.

प्रश्न : दर दोन-तीन दिवसांनी हवा कमी होते. दुकानदार म्हणतो ट्यूब बदला. दोनदा बदलली. (उद्यमनगर)

पत्त्यातच उत्तर आहे, दादा. उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथचा लोखंडी कीस पडलेला असतो, केसासारखा बारीक. तो टायरमध्ये रुततो, तुम्ही ट्यूब बदलता आणि कीस टायरमध्येच राहतो. ट्यूब काढली की टायरच्या आतनं कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं कीस आहे. बोट फिरवू नका, मी फिरवलंय. तिथं बाहेरनं खूण करा, चिमट्यानं उपटा. तरीही हवा गेली तर वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड, बघा. जुन्या पद्धतीचा वॉल असेल तर आतली रबरी वॉलट्यूब चिरते, ती चिल्लर पैशात मिळते. दोन खिशात ठेवा. हवा किती मारायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. जुन्या वॉलला पेट्रोल पंपावरचा काटा खरं दाखवत नाही. तिथं अंगठ्यानं दाबून बघणं हेच माप.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, भाऊसिंगजी रोडवर बँकेत नोकरी. मुलाची सायकल पडून आहे म्हणून वाटलं आपणच चालवावी. पण ऑफिसला साडी लागते, आणि सासूबाई म्हणतात, ‘बँकेतली बाई सायकलवर बरी दिसते का?’ अंतर तीन-साडेतीन किलोमीटर.

ताई, मुलाची सायकल नको. पहिली अट ही. मुलाच्या सायकलला मधला दांडा असतो, साडीत पाय टाकता येत नाही आणि घाईत उतरताना त्याच दांड्यावर आदळायला होतं. लेडीज फ्रेमची घ्या, जुनी मिळाली तर उत्तम. दोन गोष्टी बघून घ्या: पूर्ण चेनकव्हर आहे का आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आहे का. पदर चाकात जातो तो मागच्याच, आणि पंजाबी ड्रेसची ओढणी साडीपेक्षा जास्त धोक्याची. पदर कमरेला खोचा, वर पिन. निऱ्यांना खाली आतल्या बाजूनं एक पिन लावली की त्या फाकत नाहीत. परकर मात्र घेराचा हवा, नाहीतर गुडघा वर येत नाही आणि सायकल हलत नाही. मी पहिल्या महिन्यात नवे परकर शिवून घेतले होते, तोच काय तो माझा सायकलवरचा मोठा खर्च.

सीटची उंची दुकानात ठरवू देऊ नका. पायडल अगदी खाली असताना त्याच्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. बायका भीतीनं सीट एकदम खाली घेतात, मग आठवड्यात गुडघे धरतात आणि सायकलला नावं ठेवतात. सुरुवातीला भीती वाटत असेल तर दोन बोटं खाली ठेवा आणि दर आठवड्याला थोडी वर करा.

रस्ता बागल चौक, उमा टॉकीज, लक्ष्मीपुरी, बिंदू चौक. परीख पुलाखालनं उन्हाळ्यात जा हवं तर, पावसाळ्यात नको. तिथं पाणी साठतं आणि आत काय आहे ते दिसत नाही. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांपुढं टेम्पो खाली होत असतात. एखादा अचानक मागं येतो. त्याच्या मागं थांबू नका, घंटी वाजवून बाजूनं जा. सगळं धरून वीस मिनिटं. आज तुम्हाला स्कूटरवर किती लागतात? त्यात भाऊसिंगजी रोडला पार्किंग शोधायची मिनिटं मिळवा. शुक्रवार-मंगळवारी अंबाबाईला येणारी गर्दी मिळवा. नवरात्रात तर रस्तेच बंद असतात, तेव्हा गाडीवाले लांब लावून चालतात आणि आपण सायकल हातात धरून बँकेच्या दारात.

सासूबाईंचं. त्यांना एक विचारा, तुम्ही सायकल शिकलात का? आमच्या दुकानातनं संध्याकाळी अंधार पडता पडता बायका सायकली न्यायच्या, कुणाची बहीण, कुणाची नवीन लग्न झालेली भावजय. गांधी मैदानावर भाऊ मागनं कॅरिअर धरून पळायचा. वडील त्या सायकलींचा तास कधी नीट मोजायचे नाहीत. दीड तास झाला तरी चार आणेच. त्यातल्या किती जणींनी पुढं चालवली कोण जाणे, पण शिकल्या पुष्कळ. तुमच्या सासूबाई त्यातल्या असतील तर त्या गप्प बसतील आणि हसतील. नसतील तर चार दिवस बडबडतील. पाचव्या दिवशी वाटेत भाजी आणायला सांगतील. कॅरिअर मजबूत घ्या.

प्रश्न : आक्का, तुम्ही म्हणता सायकल, पण आमच्या रस्त्याला खड्डे किती? आधी रस्ते, मग सायकल! (एक त्रस्त नागरिक)

तुमचं खरं आहे. तक्रार मीही करते, वर्षानुवर्षं करते, उत्तर वाचायला चष्मा लागत नाही कारण ते येतच नाही. पण खड्डा मोटरसायकललाही आहे आणि तुम्ही ती चालवताच. सायकलला खड्डा चुकवता येतो हे तरी बघा. चुकवता नाहीच आला तर सीटवरनं किंचित उठा, गुडघे आणि कोपरं सैल सोडा, पायडल आडवी धरा. दणका पाठीला न बसता पायात जिरतो.

प्रश्न : जून ते सप्टेंबर काय करायचं? गेल्या पावसाळ्यात माझी सायकल गंजली, ब्रेक लागत नव्हते, पाठीवर चिखलाची रेघ. आणि पुराचं काय? (शाहूपुरी)

पाठीवर रेघ येते म्हणजे तुमच्या सायकलला मडगार्ड नाहीत. रविवारच्या सायकलींना ती नसतात, शोभत नाहीत म्हणे. दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड बसवा, पुढच्याला खाली रबराचा लोंबता तुकडाही लावा, नाहीतर बुटात पाणी जातं.

ब्रेक. तुमची रिम स्टीलची असणार, चकचकीत. ओल्या स्टीलवर रबर घसरतं, हा सायकलचा दोष नाही, स्टीलचा स्वभाव आहे. पावसात थांबायचं असेल तिथं आधीपासूनच ब्रेक हलके हलके दाबत जायचं, रबर रिमवरचं पाणी पुसतं आणि मग पकडतं. एकदम दाबलात तर पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच होत नाही आणि तिसऱ्यात चाक जाम. अॅल्युमिनियमच्या रिमवर हाच त्रास कमी होतो. चाक बदलायचीच वेळ आली तर ती घ्या. रेनकोटापेक्षा मला लांब खोळ आवडायची, हँडलवरनं पुढं टाकता येते, आत वारा खेळतो. पण सुसाट वारा असला की तीच शीड होते, तेव्हा रेनकोट.

गंज चेनवर असेल. रोज घरी आल्यावर दोन मिनिटं कोरड्या फडक्यानं चेन पुसा, आठवड्यातनं एकदा मशीनचं पातळ तेल प्रत्येक दुव्याच्या रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूनं, आणि वरचं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेरचं तेल फक्त माती धरतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका. त्यात धातूची पूड असते, चेन आतनं झिजते. चेन झिजली का हे बघायला घरातली फूटपट्टी पुरते: चेनची एक पिन शून्यावर धरा, चोवीस दुवे मोजा, शेवटची पिन बरोबर बारा इंचावर यायला हवी. एक सूत पुढं गेली असेल, म्हणजे एक अष्टमांश इंच, तर चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागची दातेरी चक्री, दोन्ही संपलंय. अर्धा सूत असेल तोवर नुसती चेन बदलून भागतं. स्टोअरमध्ये हे मी वर्षाला दोनदा मोजायचे, कंपनीच्या वेळेत, आता सांगायला हरकत नाही.

आणि पूर. शाहूपुरीतला माणूस मला हे विचारतोय म्हणजे २०१९ तुम्ही बघितलाय. माझा नियम साधा होता. सकाळी रेडिओवर, नंतर फोनवर, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३९ ला पोचली की मी सायकल नेत नसे. कारण संध्याकाळी परत येता येईल का हे सकाळी कळत नाही, आणि पाणी वाढलं की शिरोलीजवळ महामार्गच बंद होतो, २०१९ ला झाला, २०२१ ला झाला. पाण्यातनं सायकल ढकलत घरी येऊ ही मर्दुमकी नको. वाहत्या पाण्यात ती आधाराची काठी नसते, ओढणारी दोरी असते.

२०१९ चा पूर ओसरल्यावर व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, सुतारवाडा, जिथनं तिथनं पाण्यात राहिलेल्या सायकली लोकांनी माझ्या दारात आणून टाकल्या, वडिलांच्या दुकानाची आठवण ठेवून. सतरा होत्या. सगळ्यांनी एकच चूक केली होती. धुऊन, उन्हात वाळवून, वरनं तेल सोडलं होतं. बाहेरनं चकचकीत, आत गाळ. पुराचं पाणी गेलं तरी गाळ छर्र्यांत बसतो आणि महिन्याभरात चाकातनं दळण दळल्यासारखा आवाज येतो. पाण्यात गेलेली सायकल उघडावीच लागते. सीटची दांडी काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये भरलेलं पाणी बाहेर येतं, बघून तुम्हीच दचकाल. मग दोन्ही चाकांचे हब, पायडल ज्यावर फिरतं तो मधला बीबी एक्सल, हँडलचे कप, सगळं खोलून रॉकेलनं धुवायचं, रॉकेल कुठं मिळतंय आता, डिझेल चालेल. छर्रे जुने परत घालू नका, नवे घाला, ताजं ग्रीस. साध्या सायकलीत पुढच्या चाकाला एका बाजूला दहा बारीक, मागच्याला नऊ मोठे. दुकानात याला ओव्हरऑयलिंग म्हणतात. खरा शब्द ओव्हरहॉलिंग हे आम्हाला ठाऊक आहे, पण तसंच म्हणा, दुसरं काही म्हटलं तर पैसे जास्त सांगतात.

प्रश्न : वय ६४. कळंब्याहून मार्केट यार्डला दुकानावर जातो. मुलगा बॅटरीची सायकल घे म्हणतो. लायसन लागतं का? आणि ती सायकल मानायची का?

२५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असेल तर लायसन नाही, नंबरप्लेट नाही. दुकानदार ‘वेग वाढवून देतो’ म्हणेल, तो वाढवला की ती सायकल राहत नाही, कायद्यानं गाडी होते. घ्या. मानायची का? पायडल मारताय ना, मग मानायची. पाइप लावून धुवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बॅटरी काढून घरात ठेवता येते का ते आधी बघा.

प्रश्न : सेकंड शिफ्ट सुटून रात्री साडेअकराला येतो. कुत्री मागं लागतात. (गोकुळ शिरगावहून)

पळू नका, तुम्ही हरणार. खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, चालत राहा. चाक पळायचं थांबलं आणि माणूस पायी दिसला की बहुतेकांचा इंटरेस्ट संपतो. लाथ मारायला गेलात तर तोल जातो. रात्रीचं म्हणाल तर मागं लाल दिवा लावा, नुसता रिफ्लेक्टर नको. रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो. चावलंच तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच रात्री दवाखाना. सकाळी बघू म्हणू नका.

प्रश्न : आजोबांची जुनी काळी सायकल माळ्यावर आहे. दांड्याचे ब्रेक, मागं डायनामो. भंगारवाला किलोवर मागतोय. मी कॉलेजला आहे, सायबर चौकापर्यंत रोज जातो. चालवण्यासारखी होईल का? पायडल एकदा गच्च, एकदा सैल लागतं. (शिवाजी पेठ)

भंगारवाल्याला आजच चहा पाजून वाटेला लाव.

एक गच्च, एक सैल लागतंय म्हणजे कॉटर गेला आहे. पायडलचा दांडा एक्सलवर ज्या तिरप्या पिनेनं बसतो तो कॉटर. नवीन मिळतो, पण जुना काढणं हीच परीक्षा. त्याची नट पूर्ण काढू नकोस, थोडी सैल कर आणि नटीवर हाण, नाहीतर आटे चेपतात आणि मग तो जन्मात निघत नाही. हाणताना दांड्याच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकव, म्हणजे मार कॉटरला बसेल, छर्र्यांना नाही. आदल्या रात्री रॉकेल-तेलात भिजव. तरी न निघाला तर जोर लावू नकोस, उद्यमनगरात प्रेसवाला मिनिटात ढकलून देतो, हमाली चहाइतकीच.

टायर अठ्ठावीस बाय दीड इंचाचं, ते अजून मिळतं. ब्रेकचे दांडे वाकलेत का ते बघ, वाकलेले सरळ होतात, तुटलेले शोधावे लागतात. डायनामो टायरला घासतो, सायकल जड लागते, तो ठेव पण दिवा सेलवरचा लाव. सायबर चौकाच्या चढाला उतरून चालायचं, आजोबाही चालले असतील. आणि हँडलखाली किंवा पुढच्या फोर्कवर नगरपालिकेच्या कराचा पितळी बिल्ला असला तर तो घासून चकचकीत करत बसू नकोस, त्यावरचे आकडे पुसट होतात. नुसता फडक्यानं पूस. कॉटर निघाला की नाही ते कळव. न निघाला तर सायकल ढकलत मंगळवार पेठेत घेऊन ये, दुपारी चारनंतर.